चिल्लर गिऱ्हाईक

मोरेश्वरभाऊंचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या रामदासपेठेतल्या आमच्या संघटनेच्या कार्यालयात एका पत्रकाचं प्रूफ तपासत बसले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. पत्रकाची पहिली ओळ होती, 'तेरा वर्षांच्या आचलला औषध हवं आहे.' मोरेश्वरभाऊ फोनवर आधी जेवणखाण विचारतात, उन्हाचं बोलतात, मग कामावर येतात. त्या दिवशी तसलं काही नाही. "ताई, ते पत्रक नका छापू आता," एवढंच म्हणाले. मला वाटलं, मजकुरात काही चुकलं असेल. "काय झालं भाऊ?" म्हटलं. "आचल गेली ना. पहाटे उठली, दूध मांगतलं, पेली अन् परत झोपली... मंग उठलीच नाई." मग म्हणाले, "छापून झालं असन तं राहू द्या. तुमचं नुकसान नको." माणसाची पोटची पोर गेलेली आणि त्याला माझ्या कागदाची काळजी.

त्याला आता पाच आठवडे झाले. मला पत्रकं लिहिता येतात. वर मागणी, मध्ये निषेध, खाली 'बहुसंख्येने उपस्थित राहा'. गेलेल्या माणसाबद्दल शांतपणे कसं लिहितात ते मला शिकवलेलं नाही आणि शांत राहण्याची माझी इच्छाही नाही. पण आचलबद्दल आजवर जे जे छापून आलं ते बहुतेक मीच लिहिलेलं होतं, आणि त्यात आचल फारशी नव्हती. ती इथे तरी असावी.

दोन वर्षांपूर्वी लहान मुलांच्या हृदयाचा इलाज करणाऱ्या एका डॉक्टरबाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांचं इस्पितळ आमच्या कार्यालयापासून चालत पाच मिनिटांवर. "माझं काम चिठ्ठी लिहिण्यापर्यंतच आहे, आणि ही चिठ्ठी घेऊन जायला दुकान नाही. पुढचं तुम्ही बघा," असं म्हणून त्यांनी बाहेरच्या बाकाकडे बोट केलं. बाकावर अकरा वर्षांची मुलगी बसली होती, उंचीला बालवाडीतल्या पोरीएवढी. पाय लोंबकळत होते. डोक्यावर केस नव्हते, आईनं साडीच्या काठाचा शिवलेला रुमाल होता. चेहऱ्याची कातडी ताणलेली, हातांच्या शिरा वर आलेल्या, बोटांचे सांधे जाड. या आजाराचं नाव प्रोजेरिया. मूल जन्मतं चारचौघांसारखं, पण वर्षा-दीड वर्षात वाढ खुंटते, केस जातात, सांधे आखडतात, आणि रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसाच्या व्हाव्यात तशा कडक होत जातात. बुद्धी मात्र वयाचीच राहते. विशी गाठायच्या आधीच यातली बहुतेक मुलं हृदयानं किंवा मेंदूच्या झटक्यानं जातात. जगभरात त्यावर मंजूर झालेलं औषध एकच. ते आजार बरा करत नाही, काही वर्षं वाढवून देतं. आणि आपल्याकडे ते कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही.

माझ्या काखेत पत्रकांचा गठ्ठा होता. आचलनं तो निरखून पाहिला. आवाज बारीक, पण खणखणीत. "हे सगळं तुमी वाटता? लोक वाचतात?"

"काही वाचतात."

"अन् बाकीचे?"

"बाकीचे त्यात चिवडा खातात," मी खरं ते सांगितलं.

"मंग दोन्ही बाजूनं लिहा नं. खाता खाता तरी वाचतीन."

ही उमरेडच्या विणकराच्या घरातली मुलगी. आजोबांपर्यंत घरात माग चालत होता. वडील मोरेश्वरभाऊ नागपूरच्या लकडगंजात एका धान्याच्या होलसेल दुकानात तोलाईच्या काट्यावर असतात, उमरेडहून रोज एसटीनं जाणं-येणं. आई ज्योतीताई घरी ब्लाउज शिवतात. आचल त्यांची एकुलती एक.

पहिलं पत्रक मी एका बैठकीत लिहून काढलं. मथळा दिला, 'अकरा वर्षांची आजी'. मला तो फार जोरदार वाटला होता. लोकांच्या काळजाला भिडलं पाहिजे, असं आम्हाला शिकवतात. प्रती घेऊन उमरेडला गेले तर आचलनं मथळा वाचला, कागद उलटा करून खाटेवर ठेवला आणि म्हणाली, "मी कोणाची आजी आहो वं ताई? नातू दाखव माह्या." मी समजावायला गेले की वाचणाऱ्याचं लक्ष वेधायला असं लिहावं लागतं. "लक्ष तं माह्याकडे असंही जाते लोकांचं. बजारात गेली का गर्दी जमते. तू कागद काहून खराब करते?" तो गठ्ठा तसाच पडला. दुसरं पत्रक तिनं तपासून दिलं. 'दुर्दैवी' हा शब्द खोडला होता, 'चिमुकली' खोडला होता, आणि वयाच्या पुढे लिहिलं होतं, 'सातवी अ, गणितात पहिली'.

वयाच्या बाबतीत ती कुणाचं ऐकून घेत नसे. बारा पूर्ण झाली त्यानंतर तपासणीसाठी नागपूरला येताना एसटीत कंडक्टरनं सवयीनं लहान मुलीचं अर्धं तिकीट फाडलं. आचल म्हणाली, "मले बाईचं अर्धं द्या." हल्ली बायकांना एसटीचं तिकीट निम्म्या दरात असतं, म्हणजे दोन्ही तिकिटांचे पैसे सारखेच. कंडक्टर हसला. "काय फरक पडते गा पोरी?" तर ही आधार कार्ड काढून बसली. मागचे लोक ओरडायला लागले, ज्योतीताई तिला गप्प करतायत, मोरेश्वरभाऊ खिडकीबाहेर बघतायत, आणि कंडक्टरनं शेवटी कंटाळून बाईचं तिकीट काढून दिलं. ते घेऊन ती इस्पितळात आली आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं. "पाहा मॅडम, मी सरकारनं मान्य केलेली बाई आहो."

हे सगळं हसण्यासारखं होतं, आणि आम्ही हसायचोही. पण प्रत्येक तपासणीत डॉक्टरबाई पडद्यावर तिचं हृदय बघायच्या आणि त्यांचं हसणं आधी थांबायचं.

मग एके दिवशी तिनं वडिलांच्या फोनवर एक अहवाल शोधून काढला. तिच्या आजाराच्या उपचारांच्या बाजारपेठेचं भवितव्य, असा त्याचा विषय. तोवर मला माहीत नव्हतं की अशी काही बाजारपेठ असते आणि तिचं भविष्य सांगणारे लोक असतात. नमुन्याची चार पानं फुकट, बाकीचा अहवाल विकत. मोरेश्वरभाऊ, ती आणि मी आमच्या कार्यालयात बसून ती चार पानं वाचत होतो. इंग्रजीतलं मी मराठीत सांगत होते. वाढीच्या संधी अशा, प्रमुख प्रदेश असे, स्पर्धा अशी. आपला देश एका शब्दात उरकला होता, 'उर्वरित'. नंतर अडथळ्यांची यादी होती आणि तिच्यात पहिलाच अडथळा, रुग्णांची संख्या अत्यल्प.

"म्हणजे मी त्यांची गिऱ्हाईक आहो का अडथळा?" आचलनं विचारलं.

मी संतापले, नफेखोरीबद्दल पाचेक मिनिटं बोलले. मोरेश्वरभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, आमच्या दुकानी कोनी पावभर तुरीची डाळ मांगाले आलं तं सेठ काय म्हणते? चिल्लर नाई. गिऱ्हाइकावर राग नसते त्याचा. पावभरासाठी पोतं फोडाचं नसते, बस. आपली आचल चिल्लर गिऱ्हाईक आहे." इतक्या सरळ आवाजात म्हणाले. बाजार त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होता, आणि कळूनही त्यांचा आवाज चढत नव्हता, याचाच मला राग आला.

आचल मात्र लगेच हिशेबाला लागली. "मंग आणखी चिल्लर जमा करू. सगळे मिळून एक पोतं होईन नं."

त्या उन्हाळ्यात आम्ही तेच केलं. अशा मुलांची लक्षणं सोप्या भाषेत लिहून पत्रक काढलं, बसस्थानकांवर लावलं, अंगणवाडीच्या बायकांना दिलं. मजकूर आचलचा, फोन नंबर कार्यालयाचा. फोन आले, पण भलतेच. एकानं मूल आणून दाखवलं, त्याला कुठलाही दुर्मीळ आजार नव्हता, त्याला पोटभर मिळत नव्हतं. त्या आजाराची बाजारपेठ कुणी छापत नाही. एका बाईचा भंडाऱ्याकडून फोन आला. तिच्या मुलीची सगळी लक्षणं जुळत होती... पण मुलगी वर्षापूर्वीच गेली होती. पत्रक वाचून आजाराचं नाव आत्ता कळलं, म्हणून फोन केला म्हणाली. आचल त्या दिवशी कार्यालयात होती. तिनं माझ्या हातून फोन घेतला, त्या मुलीचं नाव विचारलं, वय विचारलं, वहीत लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "मेलेले मोजतात का वं ताई?" मी नाही म्हटलं. वहीत पोतं काही भरलं नाही. ती एकटीच राहिली.

आता मी ते लिहिते जे मला लिहायचं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी इकडेतिकडे पुष्कळ पत्रं धाडली होती. बाहेरची औषधं मागवून देणाऱ्या मधल्या एका संस्थेकडून उत्तर आलं. औषध इथे विक्रीला येईल की नाही ते ठरेपर्यंत आचलला ते दयेपोटी मोफत देता येईल. जोवर हा कार्यक्रम चालेल तोवर. आईवडिलांनी सही करायची, आणि या मुलीच्या नावानं कुठलंही आंदोलन, पत्रक, बातमी करायची नाही. मी ते पत्र वाचलं आणि माझं डोकं फिरलं. आमच्या प्रत्येक पत्रकावर वरती छापलेलं असतं, 'दया नको, हक्क हवा'. हे लोक आमचं तोंड एका मुलीच्या गोळीनं बंद करू बघत होते. सरकारी कचेरीत या औषधासाठी आम्ही केलेल्या अर्जावर सुनावणी लागली होती. ती जिंकलो तर आचललाच काय, पुढे येणाऱ्या प्रत्येक मुलाला सरकारकडून औषध मिळालं असतं. सही केली तर तो अर्जच मागे घ्यावा लागणार.

मी उमरेडला गेले आणि मोरेश्वरभाऊंना म्हटलं, सही करू नका.

ज्योतीताई शिलाईच्या मशीनवर होत्या. त्यांनी पाय थांबवला. "ताई, हक्काची गोळी अन् दयेची गोळी, पोटात गेल्यावर वेगळी राह्यते का?" या प्रश्नाला उत्तर नाही. तेव्हाही नव्हतं. मी मात्र उत्तर दिलं. कार्यक्रम उद्या बंद झाला तर, त्यांनी मध्येच गोळी थांबवली तर, इतर मुलांचं काय... मला भाषण करता येतं, आणि ती शिकलेली माणसं नाहीत, मी त्यांच्यासाठी दोन वर्षं उन्हातान्हात फिरलेली. मोरेश्वरभाऊ म्हणाले, "तुमाले जास्त समजते." हे वाक्य आमच्यासारख्यांना जपून ऐकता आलं पाहिजे. मी ते शाबासकीसारखं ऐकलं.

आचलनं एकच विचारलं. "सुनावणी कधी आहे?"

"महिन्याभरात."

"बरं. महिनाभर तं मी राहीन," ती म्हणाली आणि हसली.

सुनावणी पुढे ढकलली. साहेबांची बदली झाली. नवीन साहेब आले, तर आचारसंहिता लागली. ती उठली, तर फाइल दुसऱ्या टेबलावर गेली होती. मी प्रत्येक वेळी निषेधाचं पत्रक काढलं. दरम्यान त्या संस्थेची मेल आली, बाजारपेठेचा फेरआढावा घेतल्यामुळे आपल्या भागातून नवे अर्ज घेणं थांबवलं आहे. मी फोन करून भांडले. तिकडचा माणूस सौम्य होता. "मॅडम, तेव्हा फॉर्म आला असता तर जुन्या यादीत तुमचं चालू राहिलं असतं. जुन्यांचं बंद नाही केलं आम्ही."

हे वाक्य मी उमरेडला सांगितलं नाही. कार्यक्रम बंद झाला, एवढंच सांगितलं. वर हेही म्हटलं की बघा, मी म्हणत नव्हते का, यांचा भरवसा नाही.

शेवटची भेट त्याच इस्पितळाच्या त्याच बाकावर. आचल आता पायऱ्या चढत नव्हती, मोरेश्वरभाऊ उचलून आणत. आई-वडील आत डॉक्टरबाईंशी बोलत होते. ती माझ्या शेजारी बसली होती, श्वास लागत होता, मध्ये मध्ये थांबून बोलत होती. शाळेत आठवीच्या बाई गणित चुकवतात, मग हिला विचारतात, वगैरे. मग एकदम म्हणाली, "ताई, सही नाई केली ते बरोबरच होतं नं?"

मी हो म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली. त्यानंतर अकरा दिवसांनी फोन आला.

सुनावणी गेल्या आठवड्यात झाली. झाली, हो. आचल गेल्यावर चार आठवड्यांनी, ठरल्या वेळेवर, पंख्याखाली, चहासकट. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं आमचा अर्ज पूर्ण वाचला होता, खुणा केल्या होत्या. त्यानं विचारलं, "आज तुमच्या माहितीत या आजाराचे किती रुग्ण आहेत?" मी म्हटलं, एकही नाही. "मग आपण तरतूद कुणासाठी मागताय?" मी बोलले. पुढे जन्मणाऱ्या मुलांबद्दल बोलले, लपून राहिलेल्या मुलांबद्दल बोलले, भंडाऱ्याच्या त्या मुलीचंही नाव घेतलं. साहेबानं सगळं लिहून घेतलं आणि फाइलला दोरी बांधली. सरकारच्या लेखी आता इथे गिऱ्हाईक नाही. आचलची मागणी मान्य झाली नाही आणि फेटाळलीही गेली नाही. मागणारंच उरलं नाही, एवढंच. तुमच्या-माझ्या देशात दुर्मीळ आजाराचा प्रश्न असाच सुटतो, मूल जायची वाट बघून. आणि या खेपेला वाट बघणाऱ्यांत मी होते. महिनाभर थांबा, असं मीच म्हटलं होतं.

तिथून मी सरळ उमरेडची एसटी पकडली. मोरेश्वरभाऊ लकडगंजातून नुकतेच परतले होते, हातपाय धुऊन बसले होते. मी आधी सुनावणीचं सांगितलं. मग ते दुसरं सांगितलं, त्या संस्थेच्या माणसाचं वाक्य, जसंच्या तसं. म्हटलं, सही केली असती तर औषध चालू राहिलं असतं. ती किती जगली असती ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत. पण सही करू नका हे मी सांगितलं, आणि नंतर तिच्याशी खोटं बोलले.

"सही तं माह्याच हाती होती ना, ताई," मोरेश्वरभाऊ म्हणाले.

ज्योतीताई म्हणाल्या, "तिले माहीत होतं. दवाखान्यातून आलो त्या दिवशी मले म्हणे, आई, ताई खोटं बोलली. तोंड पाहूनच समजलं म्हणे. म्या म्हटलं, विचारू का तिले? तं म्हणे, नको विचारू. मंग येणार नाई ते. आपल्याकडून भांडाले दुसरं कोन आहे?"

मला वाटत होतं, यांनी मला शिव्या द्याव्यात, घराबाहेर काढावं. ज्योतीताईंनी चहा आणून ठेवला. बाहेर दिवेलागण झाली, खोलीत अंधारून आलं, आणि आम्ही तिघं तसेच बसलेलो. या घरात मी नेहमी दिवसाच आले होते, दुपारच्या बसनं परत जाणारी. काहीतरी करावं म्हणून उठले आणि दाराजवळच्या भिंतीवर दिव्याचं बटण चाचपू लागले. जिथे असतं तिथे काही नव्हतं, हाताला नुसतं बुजवलेल्या भोकाचं खडबडीत सिमेंट लागलं.

"खाली, ताई," अंधारातून ज्योतीताई म्हणाल्या. "तिच्या हाताशी आहे."

मी वाकले.